सिंगल ड्रायव्हर फुलरेंज स्पीकर: गळा अप्रतिम, पण तासाभराने कान थकतात. ठेवू की काढू?

निवांत_श्रोता

नमस्कार मंडळी, बरेच दिवस इथलं नुसतं वाचतोय, आज पहिल्यांदा सविस्तर लिहितोय, लांबलं तर सांभाळून घ्या.

आठ महिन्यांपूर्वी मी माझे जुने टू-वे स्पीकर (खालच्या आणि वरच्या सुरांना वेगवेगळे ड्रायव्हर) बाजूला ठेवून सिंगल ड्रायव्हर फुलरेंज घेतले, म्हणजे खालपासून वरपर्यंत सगळे सूर एकाच कोनमधून. ८ इंची कागदी कोन, मधोमध वरच्या सुरांसाठी छोटा व्हिझर कोन, मागे भलंमोठं मॅग्नेट, आणि बॉक्स बॅक लोडेड हॉर्नचा (कोनच्या मागचा आवाज आतल्या बोगद्यातून बाहेर सोडणारा), जमिनीवर उभा राहणारा, हॉर्नचं तोंड खाली पुढच्या बाजूला. समोरची फळी २८ सेंटीमीटर रुंद. सेन्सिटिव्हिटी (एका वॉटला एक मीटरवर किती जोरात वाजतो) ९५ डीबी लिहिलेली आहे. आत क्रॉसओव्हर (ड्रायव्हरमध्ये सूर वाटून देणारं सर्किट) वगैरे काही नाही, ॲम्पची वायर सरळ ड्रायव्हरच्या टॅगवर. ॲम्प साधा ट्रान्झिस्टरचा, ५० वॉटचा इंटिग्रेटेड.

पहिल्या रात्री एक जुनं मैफलीचं रेकॉर्डिंग लावलं, एकच गळा, दोन तानपुरे आणि तबला. खरं सांगतो, मी ते रेकॉर्डिंग वीस वर्षं ऐकतोय पण त्या रात्री पहिल्यांदा कळलं की गायिका तान सुरू करायच्या आधी मान किंचित वळवते आणि माईकपासून थोडी लांब जाते. श्वास, ओठ मिटल्याचा आवाज, आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे गळा खालच्या सुरातून वर जाताना कुठेही सांधा नाही. जुन्या स्पीकरवर तोच गळा वर गेला की जरासा वेगळ्या माणसाचा वाटायचा, हे मला आधी कधी जाणवलंच नव्हतं, आता ऐकल्यावर ते विसरता येत नाही.

पण आठ महिन्यांत बाकीचंही कळलंय. तासभर ऐकलं की कान थकतात, वरच्या पट्टीतला गळा किंवा व्हायोलिन जरा जोरात आलं की टोचतं, ओरडल्यासारखं वाटतं. मोठा ऑर्केस्ट्रा किंवा कोरस लावला की सगळं एकात एक मिसळून गोळा होतो, त्यातून खाली मोठा ड्रम किंवा ऑर्गनचा लांब सूर असला की वरचा कोरस करकरीत होतो. आणि तिसरी अडचण बाबांची. ते नेहमी डावीकडच्या खुर्चीत बसतात, मी मधे. मला समोर गळा आणि वाद्यांच्या ज्या जागा जाणवतात त्या त्यांना जाणवतच नाहीत, त्यांच्या मते आवाज एका खोक्यातून येतो आणि तोही कोंदट. त्यांना ऐकू कमी येतं असंही नाही, मी स्वतः त्या खुर्चीत बसून बघितलं, ते म्हणतात ते बरोबर आहे.

तर हे या जातीच्या स्पीकरचं मूळचंच आहे का, म्हणजे हे असंच सोसायचं असतं, की माझंच काही चुकतंय? टू-वेकडे परत जायची इच्छा नाही पण बाबांसोबत ऐकता येत नसेल तर उपयोग काय, असंही वाटतं.

मोजपट्टी

काढायची घाई करू नका. तुम्ही लिहिलेल्या तीन तक्रारींपैकी दोन बऱ्यापैकी सुटतील, तिसरी (ऑर्केस्ट्रा) थोडीफार सुटेल पण पूर्ण नाही.

आधी एक सांगा, स्पीकर सरळ तुमच्या कानाकडे वळवलेत का? बहुतेक असतीलच, टू-वेची सवय असते. ८ इंची कोनच्या बाबतीत तेच नडतं. कारण असं की आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४३ मीटर, म्हणजे २००० हर्ट्झची लाट १७ सेंटीमीटर लांब, आणि ८ इंची ड्रायव्हरचा हलणारा कागद जवळपास तेवढाच रुंद असतो. त्याच्या वर गेलात की कोन आवाज चहूकडे पसरवत नाही, टॉर्चसारखा झोत पुढे टाकतो. १०,००० हर्ट्झला लाट फक्त साडेतीन सेंटीमीटरची, तिथे तर व्हिझरसुद्धा झोतच टाकतो. डिझायनरला हे माहीत असतं, म्हणून असले बरेच ड्रायव्हर मुद्दाम असे बनवलेले असतात की नाकासमोर ट्रेबल चढा आणि १५-२० अंश बाजूला गेलं की सपाट. तुम्ही झोताच्या मधोमध बसलाय म्हणून तुम्हाला टोचतंय आणि बाबा झोताच्या बाहेर आहेत म्हणून त्यांना कोंदट. दोघांच्या तक्रारीचं मूळ एकच.

दोन स्पीकरमधलं अंतर आणि तुमचं अंतर किती? समजा स्पीकर एकमेकांपासून २.२ मीटर आणि तुम्ही त्या रेषेपासून ३ मीटर मागे, तर स्पीकर नुसते नाकासमोर सरळ ठेवले की तुम्ही आपोआप २० अंशाने बाजूला येता. आज रात्री एवढंच करून ऐका, फुकटचा उपाय आहे. तुमच्यापुरतं टोचणं बरंच उतरेल.

पण बाबांसाठी उलटं करा. दोन्ही स्पीकर इतके आत वळवा की त्यांचे झोत तुमच्या पुढ्यात, म्हणजे तुमच्यापासून साधारण एक मीटर अलीकडे एकमेकांना छेदतील. वरच्या अंतरांना ते साधारण ३० अंश वळवणं होतं, तुम्ही दोन्ही झोतांच्या १० अंश बाहेर, म्हणजे सरळ ठेवण्याइतकं मऊ नाही पण रोखलेलंही नाही. आता गंमत डावीकडच्या खुर्चीत आहे. बाबांच्या जवळचा डावा स्पीकर त्यांच्यापासून तोंड फिरवून बसलाय म्हणून तो दबतो, आणि लांबचा उजवा त्यांच्याकडेच बघतोय म्हणून तो उठतो. जवळचा आवाज आधी पोचतो पण लांबचा जास्त येतो, त्यामुळे गळा डाव्या खोक्याला चिकटून न राहता मधल्या बाजूला सरकतो. झोत टाकणाऱ्या कोनवर ही युक्ती पसरट ट्वीटरपेक्षा जास्त चालते, म्हणजे जो दोष आहे तोच इथे कामाला येतो.

हे झाल्यावर फळीचा मुद्दा. खालचे सूर स्पीकरच्या मागेपर्यंत वळसा घालून पसरतात, वरचे सूर फळीवरून फक्त पुढे येतात. ही अदलाबदल कुठे होते ते फळीच्या रुंदीवर अवलंबून, ढोबळ हिशेब ११५ भागिले रुंदी मीटरमध्ये, म्हणजे तुमच्या २८ सेंटीमीटरला ४१० हर्ट्झ. त्याच्या वर ड्रायव्हर पुढे जास्तीत जास्त ६ डीबी चढा वाजतो. टू-वेमध्ये हे क्रॉसओव्हरमध्येच गुपचूप दुरुस्त केलेलं असतं. तुमच्याकडे वायर थेट, म्हणजे दुरुस्ती शून्य. हॉर्न खालून भर घालतो पण तो २०० हर्ट्झच्या खाली, मधला भाग उघडाच. यावर एक कॉइल आणि तिला समांतर एक रेझिस्टर, दोन्ही मिळून ड्रायव्हरच्या पॉझिटिव्ह वायरमध्ये. तुमच्या ८ ओहमच्या ड्रायव्हरला १.५ मिलीहेन्री आणि ३.३ ओहमने सुरुवात करा, साधारण ३ डीबी उतार मिळेल. ९५ चे ९२ होतील पण ५० वॉट हाताशी असताना ते कळणारही नाही.

व्हॉल्व्हवाला

मोजपट्टी यांच्याबद्दल आदर आहे, स्पीकर वळवायचं सांगितलं ते तंतोतंत पटलं, पण कॉइल नको हो. भाऊ, तुम्ही हे स्पीकर घेतलेत कशासाठी? ॲम्प आणि कोनच्या मधे काही नको म्हणून ना? मग तिथेच परत तांब्याचं वेटोळं बसवायचं? मी अकरा वर्षं फुलरेंजवर आहे, माझ्या मते तुमचा खरा गुन्हेगार ॲम्प आहे.

असल्या ड्रायव्हरचं मॅग्नेट फार तगडं असतं, क्यूटीएस (कोन किती मोकळा डोलतो त्याचा आकडा) ०.२ ते ०.३ च्या आसपास, म्हणजे कोनला लगाम आधीच घट्ट आहे. त्यावर ट्रान्झिस्टर ॲम्प, ज्याचा आउटपुट इम्पिडन्स (ॲम्पचा स्वतःचा आतला अडथळा) शून्याला टेकलेला, तो आणखी लगाम खेचतो. मग बेस सुकतो आणि बेस सुकला की वरचं आपोआप टोचतं, वरचं काही वाढलेलं नसतं. माझ्याकडे २ए३ व्हॉल्व्हचा सिंगल एंडेड ॲम्प आहे, फक्त साडेतीन वॉट, फीडबॅक नाही, आउटपुट इम्पिडन्स दोन-अडीच ओहम. ९५ डीबीच्या ड्रायव्हरला साडेतीन वॉट म्हणजे एक मीटरवर १०० डीबी, घरात आणखी किती हवं? आणि त्या अडीच ओहममुळे कोन मोकळा श्वास घेतो. डग्ग्यावर घिस्सा आला की तो चामड्यावरून घासत गेलेला तळहात ऐकू येतो, नुसता धप्प नाही.

ॲम्प डिझायनर नेल्सन पास यांनी फर्स्ट वॉट नावाने करंट सोर्स ॲम्प (आउटपुट इम्पिडन्स मुद्दाम खूप जास्त ठेवलेले) बनवले ते असल्याच ड्रायव्हरचा विचार करून, म्हणजे ट्रान्झिस्टरमध्येही हे होतं. आत्ता ॲम्प बदलू नका, फक्त एक प्रयोग करा, ३.३ ओहम १० वॉटचा रेझिस्टर सिरीजमध्ये लावा, कॉइलशिवाय. फरक तुमचा तुम्हालाच कळेल.

मोजपट्टी

रेझिस्टरचा प्रयोग उत्तम आहे, आधी तोच करावा, माझा विरोध नाही. त्याने क्यूटीएस वाढतो, ७ ओहम डीसी रेझिस्टन्सच्या ड्रायव्हरला ३.३ लावले की जवळपास दीडपट. खालच्या सुरांना त्याचा फायदा आहेच.

पण "मधे काही नको" या बोलण्याशी मी सहमत नाही आणि हे मनापासून सांगतो कारण याच एका वाक्यापायी मी स्वतः दोन वर्षं टोचणारा आवाज ऐकत बसलो होतो. फुलरेंजचं खरं बळ पार्ट कमी असण्यात नाहीये. साध्या टू-वेत आवाज २००० ते ३००० हर्ट्झला दोन ड्रायव्हरमध्ये तोडलेला असतो, आणि कान सगळ्यात तिखट तिथेच असतो. एकच गळा, खालचा भाग एका जागेवरून, वरचा भाग दहा-पंधरा सेंटीमीटर वरून. फुलरेंजमध्ये तो तोडलेला नाही, हे बळ. सिरीजमध्ये कॉइल आली तरी सूर एकाच कोनमधून येतोय, तो सांधा परत येत नाही.

आणि तसं बघायला गेलं तर व्हिझर हाच एक क्रॉसओव्हर आहे, फक्त तो कागद आणि गोंदाने बनलाय. खालचे सूर मोठा कोन हलवतो, काही हजार हर्ट्झच्या वर मोठा कोन मागे पडतो आणि मधला छोटा एकटा वाजतो. जिथे एकाकडून दुसऱ्याकडे जातं तिथे दोघे थोडा वेळ उलटसुलट हलतात, आणि तुमचं "ओरडणं" बहुतेक तिथलंच आहे. लोथर या इंग्लिश कंपनीच्या ड्रायव्हरमधला व्हिझर बघा, ती परंपरा इंजिनिअर पॉल व्हॉइट यांच्यापासून आलेली, १९३० च्या दशकातली. त्या काळी रुंद फळीचे, कोपऱ्यात उभे राहणारे हॉर्न असायचे त्यामुळे खालचा भाग भरलेला असायचा. आज आपण तोच चढा ड्रायव्हर अरुंद बॉक्समध्ये, भिंतीपासून लांब ठेवतो आणि वर म्हणतो की फिल्टर नको.

खर्ज

मी ऑर्केस्ट्राबद्दल बोलतो कारण बाकीचं वर चांगलं आलंय.

माझी सुरुवात ४ इंची मेटल कोनपासून झाली, छोट्या रिफ्लेक्स (बेससाठी भोक ठेवलेल्या) बॉक्समध्ये. स्टेज असा की डोळे मिटले तर भिंत नाहीशी व्हायची. ४ इंचीचा हलणारा भाग साधारण ५० चौरस सेंटीमीटर, ८ इंचीचा २०० च्या पुढे, त्यामुळे छोटा कोन झोत उशिरा टाकतो, ४००० हर्ट्झपर्यंत छान पसरतो. पण बेसला त्याला चौपट हलावं लागतं. आणि तेवढ्याच आवाजासाठी सूर एक सप्तक खाली गेला की कोनला चौपट हलावं लागतं, हे कुठल्याही ड्रायव्हरला लागू. ८० हर्ट्झला अर्धा मिलीमीटर हलत असेल तर ४० ला दोन.

आता त्याच कोनवर कोरस पण बसलाय. कोन पुढे आला की कोरसचा सूर केसभर चढतो, मागे गेला की उतरतो, वर मॅग्नेटच्या फटीतून कोनची व्हॉइस कॉइल बाहेर डोकावली की जोर कमी जास्त. ऑर्गनच्या लांब सुरावर वरचा कोरस करकरतो तो यामुळे. मी एकदा ग्रिल काढून, बाजूने टॉर्च मारून ड्रमच्या जागेवर कोन बघितला होता, कडेची रबरी वळी अक्षरशः श्वास घेतल्यासारखी आत बाहेर होत होती आणि नेमक्या त्याच क्षणी व्हायोलिनं धूसर होत होती. त्या दिवसापासून मला यात शंका उरली नाही. एका कोनला दोघांचं काम दिलं की एकाचं बिघडतं, भौतिकशास्त्र आहे ते, कितीही भारी ड्रायव्हर आणा.

मी मधे कंटाळून दोन वर्षं थ्री-वे वापरले. ऑर्केस्ट्रा मोकळा झाला, गळा मात्र गेला. शेवटी परत आलो पण वेगळ्या वाटेने, फुलरेंजला ३०० हर्ट्झच्या खाली सुट्टी दिली आणि खाली प्रत्येक बाजूला एक १० इंची वूफर लावला, वेगळ्या ॲम्पवर. परदेशी डीआयवाय मंडळी याला वूफर असिस्टेड वाइडबँड म्हणतात. ३०० हर्ट्झला लाट मीटरपेक्षा लांब, दोन ड्रायव्हर जवळजवळ ठेवले की कानाला ते एकच वाटतात, गळ्याचा सांधा कळत नाही.

तुमच्यासाठी एवढं लगेच नको. सबवूफर असेल तर तो आणि मेन स्पीकरवर १०० हर्ट्झचा हायपास (त्याखालचे सूर अडवणारा फिल्टर), एवढं पुरे. ॲम्पचे प्री आणि पॉवर हे दोन भाग वेगळे करता येत असतील आणि पॉवरचा इनपुट ४७ किलोओहम असेल तर ३३ नॅनोफॅरडचा एक कपॅसिटर इनपुटला सिरीजमध्ये, झालं काम.

लाकूडकाम

खर्जभाऊ, बाकी सगळं मान्य पण बॅक लोडेड हॉर्नला १०० हर्ट्झचा हायपास म्हणजे हॉर्नचं कामच काढून घेतलं. एवढं लाकूड कापून, आत घड्या घालून तो बोगदा बनवायचा आणि मग त्याला ६० ते १५० हर्ट्झमध्ये उपाशी ठेवायचं? हॉर्न जिथपर्यंत धरतो तिथपर्यंत कोन फार हलतच नाही, हवेचा भार असतो मागे. प्रश्न त्याच्या खाली येतो, हॉर्नची पकड सुटली की कोन मोकाट सुटतो. म्हणून हायपास ५० हर्ट्झला करा, त्याच ४७ किलोओहमला ६८ नॅनोफॅरड. ड्रमची धमक राहील आणि मोकाट हलणं बंद.

आणि कोणीच बोललं नाही ते सांगतो. ड्रायव्हरच्या मागे जो छोटा कप्पा असतो, तिथून हॉर्न सुरू होतो, त्याच्या मागच्या भिंतीवर काही लावलंय का? बहुतेक बॉक्समध्ये कोरं लाकूड असतं. कागदी कोन पातळ असतो, मागच्या भिंतीवरून परतलेला आवाज थेट कागदातून गाळून पुढे येतो, आणि तो मधल्या पट्टीतलाच, जिथे तुम्हाला टोचतंय. ५-६ मिलीमीटरचा लोकरी फेल्ट, फक्त ड्रायव्हरच्या बरोबर मागच्या भिंतीवर आणि दोन बाजूंना. हॉर्नच्या घशात नको, तिथे भरलं की बेस मरतो.

काढताना जपून. या ड्रायव्हरचं मॅग्नेट लोखंडी स्क्रू ड्रायव्हर हातातून ओढून घेतं आणि टोक सरळ कोनमधून आरपार. मी होताना बघितलंय. जाड पुठ्ठा कापून कोनवर धरा, एका हाताने दाबून, दुसऱ्या हाताने स्क्रू. बॉक्स आडवा झोपवून काढा, उभ्यात शेवटचा स्क्रू निघाला की ड्रायव्हर लटकतो.

कोरी_कॅसेट

एक शंका, एवढं सगळं करण्यापेक्षा डीएसपी इक्यू (डिजिटल सिग्नलमध्येच सूर कमी-जास्त करणं) नाही का चालणार? माईक आणि आरईडब्ल्यू या मोजणीच्या सॉफ्टवेअरने मोजायचं आणि सगळं सपाट करून टाकायचं, मी तसाच विचार करत होतो माझ्या ३ इंचीसाठी.

मोजपट्टी

चालतं, पण "सगळं सपाट" नको. इक्यू कोनला येणारा सिग्नल बदलतो, झोत बदलत नाही. नाकासमोर सपाट केलंत तर बाजूला ट्रेबलचा खड्डा पडेल, आणि खोलीत फिरून येणारा आवाज बाजूचाच असतो. म्हणून एका जागेवरून मोजू नका, ० पासून ३० अंशापर्यंत चार-पाच जागी मोजून जे उंचवटे सगळीकडे दिसतात तेवढेच खाली घ्या, रुंद आणि हलके. अरुंद खड्डे भरू नका, ते कोनच्या कागदाचे असतात, भरलं तर तिथेच कर्कश होतं. आणि ३ इंचीवर बेस इक्यूने उचलू नका, खर्ज यांनी वर सांगितलंय ते चौपटीचं गणित तिथे आणखी निष्ठुर आहे. ४० हर्ट्झला ६ डीबी उचललं म्हणजे हलणं दुप्पट आणि ॲम्पची ताकद चौपट.

व्हॉल्व्हवाला

एक राहिलं, निवांत श्रोता, किती तास वाजलेत? स्पायडर आणि सराउंड (कोनला मागून आणि कडेने धरणाऱ्या वळ्या) सुरुवातीला कडक असतात, वापराने सैल होतात.

मोजपट्टी

आठ महिने रोज ऐकतायत म्हणजे ते केव्हाच झालं असणार. रेझोनन्स उतरतो हे मोजता येतं, पण टोचणारा ३००० हर्ट्झचा उंचवटा त्याने जात नाही, त्याची वाट बघत बसू नका.

निवांत_श्रोता

तीन आठवडे झाले, सगळ्यांचे मनापासून आभार, केलेलं सगळं क्रमाने सांगतो कारण पुढे कोणाला उपयोग होईल.

आधी स्पीकर सरळ केले. माझी अंतरं २.१ आणि २.८ मीटर निघाली, म्हणजे मोजपट्टी यांचा अंदाज जवळपास नेमका. टोचणं त्याच रात्री निम्म्यावर आलं, खोटं वाटेल पण तासाभराने मी स्पीकर बंद करायचं विसरलो आणि दोन तास ऐकत बसलो. मग झोत पुढ्यात छेदणारी मांडणी. जमिनीवर कागदी टेप लावून रेषा आखल्या, दोन्ही बाजू सारख्या वळवणं नुसत्या डोळ्यांनी जमत नाही, मी पहिल्यांदा डावीकडे चार अंश जास्त वळवलं होतं आणि गळा सतत उजवीकडे ओढला जात होता. रेषेवर आणल्यावर बाबांना खुर्चीत बसवलं, काही सांगितलं नाही, तीच मैफल लावली. दहा मिनिटांनी त्यांनी विचारलं, "आज तबला वेगळा बसलाय का रे, उजव्या हाताला?" तबला त्या रेकॉर्डिंगमध्ये उजवीकडेच आहे. आधी त्यांना तो कधी सापडलाच नव्हता. माझ्या जागेवरून मात्र ही मांडणी सरळ ठेवण्यापेक्षा किंचित जास्त चढी आहे, ते मी मान्य करतो, पण आता हीच ठेवलीय.

मग रेझिस्टर एकटा, चार दिवस. व्हॉल्व्हवाला म्हणतात ते अगदी खरं, डग्गा भरला, घिस्सा लांबला. पण वरच्या पट्टीतला गळा ताणला की अजून कडा होतीच. पाचव्या दिवशी रेझिस्टरला समांतर कॉइल जोडली. डग्ग्याचा भराव थोडा कमी झाला पण मधला भाग खाली बसला आणि तानपुऱ्याचा तळ वर आला, गळ्याच्या मागे तो पडद्यासारखा पसरला, आधी तो फक्त चुरचुरत होता. शेवटी तडजोड म्हणून समांतर जोडीच्या बाहेर आणखी एक १ ओहमचा रेझिस्टर सिरीजमध्ये ठेवला. दोघांचं थोडं थोडं.

सांधा आला का, याची मला सगळ्यात जास्त भीती होती. तीच तान, खालून वर, वीस वेळा ऐकली असेल. नाही आला. एकाच गळ्यातून निघते.

फेल्ट गेल्या रविवारी लावला. पुठ्ठ्याचा सल्ला कामी आला, स्क्रू ड्रायव्हर खरंच ओढला गेला आणि पुठ्ठ्यावर आपटला, त्याचा खड्डा अजून पुठ्ठ्यावर आहे, तो बघून पोटात गोळा येतो. फेल्टचा फरक इतर गोष्टींइतका मोठा नाही, पण पियानोचा मधला भाग स्वच्छ झाला, एक पेटीतून आल्यासारखी छटा होती ती गेली.

ऑर्केस्ट्रा. ५० हर्ट्झचा हायपास केला, ऑर्गनखालचा कोरस आता करकरत नाही. पण चार मजली कोरस आणि ब्रास एकदम आले की अजून गर्दी होते, जागा अपुरी पडते. चौकडी, तंतुवाद्यं, एखाद दुसरा गळा, जॅझ त्रिकूट, यात मला काहीच कमी वाटत नाही. मोठ्या रचनांसाठी जुने टू-वे मी ठेवलेत, दुसऱ्या खोलीत जोडलेत.

लाकूडकाम, एक विचारायचंय, ड्रायव्हर परत बसवल्यावर स्क्रू किती आवळायचे? आणि खाली गॅस्केट होतं ते एका जागी दबलंय.

लाकूडकाम

समोरासमोरचे घ्या, चाकाचे नट आवळतो तसे, प्रत्येकाला एकदम पूर्ण नाही, दोन-तीन फेऱ्यांत. गॅस्केट नीट दाबलं गेलं आणि हाताला घट्ट लागलं की थांबा. जास्त आवळलंत तर पातळ पत्र्याची फ्रेम पिळते आणि कोनची व्हॉइस कॉइल मॅग्नेटच्या फटीत घासायला लागते. बसवल्यावर दोन्ही हातांच्या बोटांनी कोन कडेकडून सारखा हळूच आत दाबून बघा, खरखर आली तर एखादा स्क्रू जास्त झालाय, सैल करून परत फेरी घ्या. व्हिझरला मात्र बोट लावू नका.

दबलेल्या जागी नुसतं गॅस्केट फिरवून चालणार नाही, हवा तिथून शिट्टी मारते. मऊ फोमची पट्टी गोल फिरवून लावा, दोन्ही टोकं तिरकी कापून एकमेकांवर बसवा, आणि तो जोड वरच्या बाजूला ठेवा.

निवांत_श्रोता

पट्टी लावली, खरखर नाही. डाव्या ड्रायव्हरचा एक स्क्रू खरंच जास्त आवळला होता, अर्धा फेरा सैल केला.